माझ्या नावाची चिचुंद्री

प्रिय सम्मेद,

गगनबावड्याच्या जंगलात तुला चिचुंद्रीची नवी जात सापडली आणि तिला तू आईचं नाव दिलंस, हे पेपरात आलं त्या दिवशी मी जैन बस्तीत दर्शनाला आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. दूध घालणाऱ्या बायडाबाईने तर दारातच विचारलं, आक्का, चिचुंद्रीला तुमचं नाव व्हय? लेकानं सूड उगवला की! मीही हसले. बँकेच्या काउंटरवर जन्म काढलेल्या बाईचं नाव आता जंगलात पळणार, याचा गर्वच झाला होता मला.

मग तुझा शोधनिबंध वाचला. सगळा. इतर आया फोटो बघून खूश होतात. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इंग्रजी शिकवून ठेवलंय. माझ्या नावाची जी पहिली, ती संग्रहालयात बाटलीत आहे, पायाला चिठ्ठी बांधून. मादी. पोटात पिल्लं. हेही तूच लिहिलंयस, कोरडं, व्यवस्थित. फोनवर विचारलं, मारलीस? तर म्हणालास, नमुना घेतला. शब्दांना इस्त्री कशी करतात ते मला शिकवू नकोस. नमुन्याशिवाय नवी जात मान्य होत नाही म्हणे, आणि एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही. मी जणू रिक्षाचं भाडं विचारलं होतं, अशा आवाजात सांगितलंस.

तुझे बाबा पिंजऱ्यात सापडलेला उंदीर स्कूटरवरून कळंब्याच्या तळ्याकडे सोडायला जायचे. पेट्रोल जाळून! मी चिडायचे, आणि तू मागे बसून पिंजरा घट्ट धरायचास. ते आज नाहीत हे बरं झालं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मी बस्तीत जाणं सोडलंय. तिथे लोक अजून अभिनंदन करतात.

दशलक्षण पर्व संपून आज क्षमावणी. सकाळीच तुझा मेसेज आला, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर. आजच्या दिवशी आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो, एकमेकांना करून टाकतो. दरवर्षी चहा गार व्हायच्या आत मी तुला उत्तर देते. आज दिवस मावळला तरी जमलं नाही, म्हणून हे पत्र. माझ्यापुरती क्षमा मी तुला कधीच केली, पोर आहेस माझं. पण बाटलीतल्या तिचंही नाव अरुणाच ठेवलंस ना? तिच्या वतीने 'केली' असं लिहायला बसले, आणि हात चालेना.

तुझीच,
आई