नऊ गडी आणि टाचेवरचे दात

मी, खाली सही करणारी, वय सहासष्ट, अविवाहित, कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेलं नाही. एक मात्र कबूल करते. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. वकीलबाई म्हणाल्या, "हे नका लिहू, उद्या कोणी शंका काढेल." मी म्हटलं, "शुद्धीवर आहे म्हणूनच तर धक्का बसलाय." मग त्यांनी ते वाक्य राहू दिलं.

चार वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र याने रद्द होत आहे.

कलम १. दोन्ही खोल्या भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्याव्यात. ती लिफ्टदुरुस्तीचं काम करते आणि आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. निदान घरी तरी तिला कामाची आठवण होणार नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, जोर लावू नये.

कलम २. मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि पितळी साचे पॉलिशवालीला द्यावेत. एकोणीस वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. पॉलिशची मोटर तिने अकरा वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून नेली, ती तिच्याकडेच असू द्यावी. मात्र "ताईंनी दिली होती" असं सगळ्यांना सांगते, ते बंद करावं.

कलम ३. बँकेत जे काही असेल, त्यातून ज्यांना परवडत नाही अशांना कवळ्या करून द्याव्यात. कोणाला द्यायच्या ते पॉलिशवाली ठरवील. माणसांच्या बाबतीत तिची नजर चांगली आहे, वस्तूंच्या बाबतीत नाही.

कलम ४. ज्या दंतवैद्यांनी माझ्या हातच्या कवळ्या तीस वर्षं स्वतःच्या म्हणून मिरवल्या, त्यांना काही नाही. रागसुद्धा नाही. तो आता दुसरीकडे लागला.

कलम ५. काचेच्या कपाटातले एकतीस गडी.

दुकानदार त्यांना अ‍ॅक्शन फिगर म्हणतात. आमच्या घरात मात्र त्यांना गडीच म्हणत. वीतभर उंचीचे, मान, कोपर, गुडघे वळणारे, खऱ्या कापडाचे कपडे घातलेले. मी पाच वर्षांची असताना बोटीवर काम करणाऱ्या मामाने असे नऊ गडी आणले होते: बंबवाला, वैमानिक, गिर्यारोहक, पाणबुड्या आणि आणखी पाच. "दोघांत वाटून घ्या," असं मामा म्हणाला होता. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने एकाही गड्याला हात लावू दिला नाही. रागाच्या भरात मी एकदा पाणबुड्याच्या टाचेला कडकडून चावले, म्हणून मार खाल्ला.

मी आठ वर्षांची असताना एका सकाळी नऊच्या नऊ गडी नाहीसे झाले. दादा म्हणाला, "हिनेच कालव्यात फेकले. मी पाहिलं." मी नाही म्हणत राहिले. आई म्हणाली, "वर तोंड करून खोटं बोलते!" दुसऱ्या दिवशी मला मावशीकडे पाठवलं. आठवड्यासाठी पाठवलं होतं, राहिले नऊ वर्षं. मावशीचे यजमान कवळ्या करायचे. त्यांच्याच टेबलाशी मी हा धंदा शिकले. घरी सुट्टीत गेले की आई कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोवून ठेवायची.

आई शेवटची आजारी पडली, तेव्हा तिने माझा हात धरला. "एकदा खरं सांग, म्हणजे मी सुटले. रागावणार नाही." मी म्हटलं, "हो आई, मीच फेकले." ती म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलंस." दादा खिडकीशी उभा राहून तिच्यासाठी पेल्यात पाणी ओतत होता.

निवृत्त झाल्यावर मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात लहान स्क्रू ड्रायव्हर बघायला गेले. मालकांच्या नाकावर एक आणि कपाळावर एक असे दोन चष्मे, म्हणून मी त्यांना चष्मेवाले म्हणते. कपाटात गिर्यारोहक उभा होता. इतकी वर्षं सगळे म्हणत आले की मीच फेकले. मलाही वाटू लागलं होतं की फेकले असतील. ठरवलं, एकेक करून नऊ जमवायचे आणि दादाला पंचाहत्तरावं लागलं की त्याच्या पुढ्यात ठेवायचे. जुन्या मृत्युपत्रातही तसंच लिहिलं होतं: मी आधी गेले तर गडी दादाला. संग्रहाची सुरुवात अशी झाली.

भाचीलाही हा नाद लागला आहे, तेव्हा तिच्यासाठी लिहिते. पहिलं वर्षभर कमी घे आणि जास्त बघ. जे आवडतं तेच घे, भाव चढेल म्हणून घेऊ नकोस. तळपायाखाली कंपनीचा ठसा आणि साल बघ; ठसा बुजलेला असेल तर नक्कल समज. सांधे ढिले आहेत का, हात नंतर बसवलेला आहे का, ते भिंगातून तपास. पहिल्याच महिन्यात चष्मेवाल्यांच्या एका वैमानिकाचा हात कवळीला वापरतात त्या प्लास्टिकच्या मसाल्याचा, म्हणजे नंतर बसवलेला आहे, हे मी त्यांना दाखवलं होतं. ते दोन्ही चष्मे लावून बघत बसले. रंग उडाला असला तरी नवा देऊ नकोस. उन्हात ठेवू नकोस. डबा मिळाला तर जीवापाड जप, कारण जो गडी डब्याबाहेर निघालाच नाही, त्याला मोल सर्वांत जास्त.

कलम ६. गेल्या दोन वर्षांत चष्मेवाल्यांकडे एका गृहस्थाचे गडी येऊ लागले. दर दोन-तीन महिन्यांनी एक, डब्यासकट, कोरा करकरीत. "हे तुमच्यासाठीच बाजूला काढलेत," चष्मेवाले म्हणायचे आणि भाव इतका कमी सांगायचे की मलाच लाज वाटायची. असे आठ झाले. चौदा तारखेला नववा आला. पाणबुड्या.

नेहमीच्या सवयीने ठसा बघायला मी तो उलटा केला. डाव्या टाचेवर दातांच्या खुणा होत्या. भिंग लावलं. वरच्या पुढच्या एका दाताची कड तिरकी, तुटलेली. पाच वर्षांची असताना मी पायरीवर आपटून तो दात तोडून घेतला होता. मी आयुष्यभर लोकांचे दात बघितले, माझे मला ओळखू येणार नाहीत? चष्मेवाल्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"कोणी आणला हा?"

"नाव सांगायचं नाही, असं बजावलंय त्यांनी."

"नाव नको. त्यांची उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे का?"

दादा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि होकारार्थी मान हलवली.

तशीच दादाकडे गेले. भरदुपार होती. तो गॅलरीत शर्टाला बटण लावत बसला होता. माझ्या हातातला पाणबुड्या बघून त्याने सुई खाली ठेवली.

"हा कुठे होता, दादा?"

"माझ्याकडे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आई गेली तेव्हा?"

"तेव्हाही."

तोच बोलत राहिला. "मला वाटून घ्यायचं नव्हतं गं. दोन दिवस ठेवीन, मग सापडले म्हणीन, असं ठरवलं होतं. पण आईने तुला लगेच पाठवून दिलं. मग बाहेर काढू कसे? त्यानंतर एकदाही खेळलो नाही मी. डबे पुन्हा उघडलेसुद्धा नाहीत. तू गोळा करतेस असं पोरीकडून कळलं, तेव्हा वाटलं, निदान असे तरी तुझ्याकडे जातील."

म्हणजे जे त्याला परत करायचे म्हणून मी विकत घेत होते, ते तोच मला परत पाठवत होता. आणि ज्या कोरेपणाचं मी दुकानात उभी राहून कौतुक करत होते, तो माझ्या नऊ वर्षांचा होता. मी जिना कसा उतरले, मला आठवत नाही.

सबब मी लिहून ठेवते: ते नऊ गडी मी कालव्यात फेकले नाहीत. ते माझ्या भावाने चोरले. आईला शेवटी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि माझ्या आयुष्यातलं तेवढंच खोटं.

एकतीसही गडी भाचीला द्यावेत. डबे उघडायचे, ठेवायचे की विकायचे, ते तिने ठरवावं. पाणबुड्या विकू नये.

कलम ७. दादाचा वाटा. वकीलबाईंनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी दादाला बोलावून दोन्ही पर्याय पुढे ठेवले. वाटा हवा असेल तर पुढची खोली त्याच्या नावावर करते, मग साक्षीदार दुसरा बघू. नाहीतर हे सगळं वाचून खाली सही करायची.

त्याने चष्मा पुसून पहिल्यापासून वाचलं. कलम सहापाशी थांबला.

"'लपवले' असं लिहिलंयस?"

"दुसरा शब्द आहे तुझ्याकडे?"

"'चोरले' लिही," तो म्हणाला. "आणि पेन इकडे दे."

त्याप्रमाणे शब्द खोडून बदलला आहे. खाडाखोडीवर दोघांच्या सह्या आहेत.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६, सोमवार

मृत्युपत्र करणारी : (सही) कवळीवाल्या ताई

साक्षीदार पहिला : (सही) जुन्या वस्तूंचे दुकानदार. ताईंनी आमच्यासमोर, स्वखुशीने सही केली.

साक्षीदार दुसरा : (सही) थोरला भाऊ, वय सत्तर. वाचलं. सगळं खरं आहे. तिने फेकले नव्हते.