आईंच्या समोरचा लाल दिवा

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घे. मी ताईकडे चाललेय. कधी येईन ते ठरवलेलं नाही.

जेवणाच्या टेबलावरचा डबा हलवू नकोस. गेल्या महिन्यात तू माझा रेडिओ आपटलास ना, त्याचाच स्पीकर आत आहे. स्पीकर उलटा जोडला की आवाजाने त्याचा पडदा हलतो आणि तारांत वीज येते. ती वीज अगदी थोडी असते, म्हणून रेडिओतल्याच भागांनी आणि सेलने वाढवून तिच्यावर एक छोटा लाल दिवा लावलाय. "भंगारात काय खेळत बसतेस," म्हणालास, तेव्हा हेच चाललं होतं.

साध्या बोलण्याने तो पेटत नाही. मी घसा ताणून ओरडून पाहिलं, तरी ढिम्म. काल मिठावरून तू सुरू झालास आणि लालभडक पेटला.

आईंना ऐकू येत नाही, म्हणून सात वर्षं त्या सगळ्यांना सांगतात, माझा मुलगा कधी आवाज चढवत नाही. नजर मात्र अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे. दिवा कशाने पेटतो, ते त्यांना सकाळी कागदावर लिहून समजावलंय.

आता ही चिठ्ठी वाचून ओरडायचं असेल तर खुशाल ओरड. त्या समोरच बसल्यात.