निशाणाच्या दोरीवरचे बोंबील

बाबा, तू गेलास त्याला आता इतकी वर्षं झाली की बोईसर स्टेशनाबाहेर एकेकाळी टांगे उभे राहायचे असं सांगितलं तर रिक्षावाले हसतात. गेल्या रविवारी त्याच स्टेशनाबाहेर मी एका थंडगार बसमध्ये चढलो, प्रमुख पाहुणा म्हणून. ‘सागरकिनारा आणि वसाहतींचा वारसा’ असं त्या सहलीचं नाव. केळवे, शिरगाव, तारापूर, चिंचणी आणि शेवटी दमण, सगळं दोन दिवसांत उरकायचं. माझ्या गळ्यात हार, हातात नारळ आणि समोर चाळीस माणसं, ज्यांना किनारा पाहण्यापेक्षा किनाऱ्यापुढे उभं राहून स्वतःचे फोटो काढण्यात रस होता. माइक घेतलेली एक बाई लाडात येऊन सांगत होती, “पोर्तुगीजांनी आपल्याला किती सुंदर वास्तू दिल्या!” दिल्या! जणू त्यांनी दगड गलबतात घालून आणले आणि स्वतःच्या डोक्यावरून वाहिले. ज्यांना वेठीला धरून ते बुरूज उभे केले त्यांची नातवंडं-पतवंडं खाली मासळी विकत होती आणि बसमधली मंडळी नाकाला रुमाल लावून वारसा बघत होती. अशा वेळी माझं डोकं कसं तापतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्यावरही ते एकदा असंच तापलं होतं.

दमण पोर्तुगीजांकडून मोकळं होऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. मुंबईची माणसं ‘आपलं स्वतंत्र दमण’ पाहायला लोटत होती. इकडे दारूबंदी होती आणि तिकडे नव्हती, एवढाच त्या देशभक्तीचा अर्थ होता. जाताना ते वाटेत बोईसरला उतरत, तारापूरचा किल्ला आणि चिंचणीचा किनारा पाहत, आणि त्यासाठी त्यांना तुझा टांगा लागे. मी नुकताच पदवीधर झालो होतो. पालघरच्या वाचनालयातली इतिहासाची कपाटं मी उपसली होती आणि बाजारात खोक्यावर उभा राहून भाषणं करत होतो. माझा बाप टांगेवाला आहे याची मला लाज नाही, असं मी सभांमधून छातीठोकपणे सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. तुझ्या गोष्टींची मात्र मला लाज वाटायची. फिरंग्यांनी इथे माणसांचे हाल केले, आणि तू त्यांच्या मडमेच्या गमती सांगून उतारूंना हसवायचास.

तुझा घसा होळीपासून बसला होता. आईने ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं, तू म्हणायचास थंडी बाधलीय. त्या सकाळी तू मला खुणेने बोलावलंस आणि कुजबुजलास, “आज टांग्यात चल. गावभर भाषणं ठोकतोस ना? आज माझ्या टांग्यात ठोक. पण माझ्या गोष्टी सांग, तुझ्या नाय.”

मी म्हटलं, “मी असली थापेबाजी करणार नाही.”

“गेल्या साली आलेला साहेब आज बायकोला घेऊन येतोय. तिला बोंबलांची गोष्ट ऐकायचीय, मुद्दाम येतेय बिचारी. मी बोलायला गेलो तर नुसता वारा निघतो रे.”

म्हणून मी आलो. मागे साहेब, त्यांची बायको आणि मेहुणा. मेहुण्याच्या मांडीवर रिकामा थर्मास होता, तो दमणला कशाने भरायचा ते न सांगताही कळत होतं. तू पुढे लगाम धरून, मी तुझ्या शेजारी. आपली घोडी तर तुझ्याहून वस्ताद. तिला तुझ्या सगळ्या गोष्टींच्या जागा पाठ होत्या. वाटेतल्या वडाखाली ती आपणहून थांबायची, किल्ल्याच्या दरवाज्याशी थांबायची, चिंचणीच्या सुरूच्या बनात थांबायची. गोष्ट संपली की तू जिभेने टक्‌ टक्‌ करायचास आणि ती निघायची. गोष्ट कितीशी लांब असते हेही तिला कळत होतं.

बोंबलांची गोष्ट किल्ल्याच्या दरवाज्याशी. फिरंगी किल्लेदाराला बोंबलांचा वास सहन होईना, म्हणून त्याने किल्ल्याखाली मासळी वाळत घालायला बंदी केली. कोळणी आपल्या काठ्या-दोऱ्या उचलून लांब गेल्या. आता साहेब खूश, पण त्याची मडम जेवेना. तिला सुक्या बोंबलांची चटक लागलेली. तिने एका कोळणीला फितवलं, ओले बोंबील आत आणवले. पण वाळत घालायचे कुठे? भरपूर वारा एकाच ठिकाणी. नवरा दुपारचा घोरत पडल्यावर तिने राजाचं निशाण उतरवलं आणि त्या दोरीला बोंबील जोडी-जोडीने लटकवून वर चढवले. तेवढ्यात दमणहून त्यांचं जहाज आलं. कप्तानाने दुर्बीण लावली. निशाण नाही! किल्ल्यावर भलतंच काहीतरी फडफडतंय! किल्ला पडला असं समजून त्याने तोंड फिरवलं आणि जहाज जे पळालं ते दमणला जाऊन थांबलं. इथे तू गप्प व्हायचास. उतारू हसून दमले की सावकाश म्हणायचास, “एवढ्या तोफा होत्या साहेब, पण पळवलं आमच्या बोंबलांनी.” आणि मग टक्‌ टक्‌.

दरवाज्याशी घोडी थांबली. बाई पदर सावरून पुढे सरकली. तिथे बसणारी मासळीवाली मावशी मला बघून ओरडली, “काय रं, आज टांग्याला नवीन तोंड बसवलंय काय?” साहेब हसले. ते हसणं मला झोंबलं. मी टांग्यात उभा राहिलो आणि सुरू केलं. वेठबिगार, जुलूम, धर्माच्या नावावर लुटलेली गावं, आणि वर आजचे हे लाचार सहलकरी, जे गुलामीच्या भिंतींवर हात फिरवायला पैसे खर्चून येतात. आवाज चांगलाच लागला होता. मग मी ते वाक्य बोललो. “आणि या टांग्यात तुम्ही जे ऐकता त्याला कसलाही आधार नाही. कुठल्याही दफ्तरात नाही, कुठल्याही पुस्तकात नाही. हा माणूस तुमच्या करमणुकीसाठी थापा मारतो.”

तू वळून माझ्याकडे बघितलंस. तोंड उघडलंस. काहीतरी म्हणायला गेलास आणि नुसता वारा निघाला. मी बोलतच राहिलो असतो, पण बोंबलांच्या गोष्टीचा वेळ संपला होता. माझ्या वाक्याच्या ऐन मध्यावर घोडी आपली चालायला लागली आणि मी धपकन साहेबांच्या पायांवर बसलो. मावशी पोट धरून हसली. बाई मात्र हसली नाही. चिंचणीला पोचेपर्यंत ती समुद्राकडे बघत होती, आणि उतरताना तुला म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी तुम्हीच सांगा हं.”

त्या संध्याकाळी घोडीचं सामान उतरवताना तू मला जे म्हणालास ते ऐकायला मला तुझ्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. “माझ्या गोष्टीत फिरंगी हसण्यावारी जातो. तुझ्या भाषणात तो केवढा मोठा झाला रे.” मी उत्तर दिलं, भलंमोठं दिलं, ते आता आठवतही नाही. मग तू विचारलंस, “आता सांगणार कोण?” मला वाटलं तू रुसून बोलतोयस. पुढच्या महिन्यात मुंबईच्या डॉक्टरने गळ्यातली गाठ दाखवली तेव्हा समजलं की तू मला नुसतं विचारत होतास. तुझा आवाज परत आलाच नाही, आणि दिवाळीच्या आत तू गेलास. ज्याने घोडी नेली तो वर्षभर आईकडे तक्रार करायचा, “वयनी, हिला काय सवय लावलीय? किल्ल्याशी उभी ऱ्हाते ती ऱ्हातेच. हलत नाय.”

तर गेल्या रविवारी. बस तारापूरच्या किल्ल्याशी थांबली आणि बसमधल्या त्या बाईने माइक माझ्या हातात दिला. माझ्याकडून सगळ्यांना आग हवी होती, मी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मी समोरच्या रुमालांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि बोंबील निघाले. मडम, दोरी, दुर्बीण, सगळं तुझ्या चालीने, जिथे तू गप्प व्हायचास तिथे गप्प होत. चाळीस माणसं नाकावरचे रुमाल काढून हसली. खाली मासळी विकणारी एक बाईही हसली, अगदी मोठ्याने. इतक्या वर्षांच्या भाषणांत फिरंगी इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मग मागून एका मुलीने हात वर केला. जाड भिंगांचा चष्मा, हातात वही. “सर, याला आधार काय?” ती या किनाऱ्यावर पुस्तक लिहिते आहे. माझा प्रश्न होता तो, बाबा, माझ्याच सुरात. आणि मी, आयुष्यभर खोट्याला झोडपणारा मी, क्षणभरही न अडखळता म्हणालो, “दमणच्या एका जुन्या दफ्तरात नोंद आहे. फिरंगी भाषेत. मी स्वतः पाहिली आहे.” तिने ते लिहून घेतलं. ‘दफ्तर’ या शब्दाखाली रेघ मारली. ‘माझा बाबा टांगा चालवायचा, त्याची गोष्ट आहे ही,’ एवढं म्हणायला किती श्वास लागला असता? सभेत टाळ्यांसाठी तुला हजारदा टांगेवाला म्हटलं. जिथे ते म्हणायची खरी गरज होती तिथे जीभ हलली नाही.

उतरताना तिने मला तिचा पत्ता दिला. तीन दिवस तो या टेबलावर आहे. आज सकाळी कागद घेऊन तिलाच खरं काय ते कळवायला बसलो होतो. संध्याकाळ झाली, चार पानं भरली, ती सगळी तुला. तिच्यासाठी घेतलेल्या कागदावर वर तारीख आहे, आणि खाली अजून काही नाही.