नऊ प्रेक्षक

३ मार्च, सोमवार
साहेबांची नवी टूम! आमच्या ॲपवरचं थेट प्रसारण कुत्रं बघत नसलं, तरी करणाऱ्याला पडद्याच्या कोपऱ्यात दिसायला हवं — "९ जण पाहत आहेत". म्हणे, "रिकाम्या खोलीत कोण बडबडत बसेल? आकडा दिसला की माणूस टिकतो." आणि या लबाडीचं नाव काय — "सोबत"!
सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदीबैल.
मी दोन आक्षेप घेतले. मग आकड्याशेजारचा हिरवा ठिपका मुकाट रंगवून दिला. छान जमला. लाज वाटली.

६ मार्च, गुरुवार
ठिपका लुकलुकावा की नको, यावर दीड तास. शिकलेली माणसं!

१० मार्च, सोमवार
ताईचा फोन. शिवणकारखाना बंद पडल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसली होती. मीच तिला आमचं ॲप लावून दिलं. रोज सकाळी सातला रफू करायला शिकवते. आज आवाज नुसता फुललेला — "अरे, नऊ जण! रोजचे नऊ! एक गळत नाही. मी आता नीटनेटकी होऊन बसते, बाबा."
"वा," म्हणालो मी. वा!
ऑफिसात खरी नोंद उघडली. एक. तो एक म्हणजे मी — ऑफिसच्या खात्यावरून, दात घासता घासता.

११ मार्च, मंगळवार
केबिनमध्ये घुसलो. साहेब शांतपणे, "बहीण खूश आहे ना? मग तुमच्या का पोटात दुखतं?"
निर्लज्ज! पण प्रश्न चावला. मला ताईची काळजी, की मी यांच्यातला नाही हे मिरवायची हौस? दोन्ही असेल. तरी खोटं ते खोटंच.
शेवटी कंपनीच्या वकीलबाईंनी सुनावलं, "उघडं पडलं तर मी सावरायला येणार नाही." तेव्हा कुठे साहेबांचं शेपूट आत गेलं.

१४ मार्च, शुक्रवार
जिंकलो. सोमवारपासून खरा आकडा. नियम मीच लिहिला, एकही फट न ठेवता — ऑफिसच्या खात्यावरून कुणीही पाहिलं तरी ते मोजायचं नाही. नाहीतर हे भामटे उद्या अख्खं ऑफिस प्रेक्षक म्हणून बसवतील!
"झालं समाधान, साधुमहाराज?" — साहेब. झालं.
ताईला सगळं सांगितलं. आकडा खाली येईल, मन खट्टू करू नकोस, पण दिसेल तो खरा. ती म्हणाली, "तू असशील ना? मग पुरे."
"आहेच मी."

१७ मार्च, सोमवार
सातला लावलं, नेहमीच्याच ऑफिसच्या खात्यावरून. ताईनं सुईत दोरा ओवला, कोपऱ्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. शून्य. मी समोरच होतो!
"झोपला असेल. झोपू दे," म्हणाली, आणि हात पुढे करून बंद केलं.