कोरड्या चादरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची! मुलगा पेटी ठेवून गेला. जाताना डोळे पुसत होता, वेडा कुठला. मला कुणी आणून टाकलेलं नाही, मी माझ्या पायांनी आले. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि माझे गुडघे तळमजल्याचे. जन्मभर शिवणयंत्राचं पायडल मारलं, त्याची ही कमाई. खोली उजेडाची आहे, खिडकीशी टेबल आहे. आणि चादरी! पांढऱ्या, कडक, उन्हाचा वास येणाऱ्या. वृद्धाश्रमात शिरताच नाकाला पदर लावावा लागतो असं ऐकून होते, इथे त्याचा मागमूस नाही. कारभार बघणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणते, वयाने लेकीसारख्या असल्या तरी. शेजारच्या खाटेवर निवृत्त मास्तरीणबाई. माझं अक्षर बघून म्हणाल्या, शिवणकामवालीच्या मानाने बरं आहे. आमचं जमणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इथे दुपारच्या चहानंतर पाणी मिळत नाही. न्हाणीघरालाही तेव्हापासून कुलूप, किल्ली ताईंच्या कमरेला. म्हातारपणी मूत्राशय दगा देतं, असं त्यांचं म्हणणं. माझे सुजलेले पाय बघून त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळीला दोन सोबतिणी दिल्या: पायांतलं पाणी लघवीवाटे काढणारी एक आणि गुडघ्यांसाठी एक. डॉक्टरांना विचारलंत का, म्हटलं. तर हसून म्हणाल्या, डॉक्टरांनी सगळ्यांचं मिळून एकदाच सांगून ठेवलंय. चला, पंगतीत वाढल्यासारखं औषध!

रविवार, १६ फेब्रुवारी

पाय उतरले. घोटे दिसायला लागले. मुलगा हरखला, ताईंचे पाय धरायचाच बाकी होता. गुडघेही गप्प आहेत. फक्त जीभ टाळूला चिकटते, आणि उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मास्तरीणबाई सारखं अंग खाजवतात. त्यांच्या श्वासाला शिळ्या लघवीसारखा वास येतो. शिकलेल्या बाईला हे सांगायचं कसं?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई सकाळी उठल्याच नाहीत. श्वास तेवढा चालू होता. नेहमीचे डॉक्टर परगावी, म्हणून दुसरे आले. लघवी शेवटची कधी झाली, त्यांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. चादर कोरडीठाक. गोळ्यांची पाकिटं पाहिली तसा त्यांचा आवाज चढला. एकेकटी गोळी वाईट नाही म्हणाले, पण रक्तदाबाची, लघवीची आणि दुखण्याची एकत्र द्यायची, वर पाणी तोडायचं, म्हणजे किडनीचा गळाच आवळणं. सगळ्यांच्या बंद करा, रक्त तपासा, असं बजावून गेले. ताईंनी मान डोलावली.

रुग्णवाहिका फाटकाबाहेर गेली नाही तोच माझ्या तळहातावर त्याच तीन गोळ्या. म्हटलं, आत्ताच ऐकलंत ना? ताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, इतक्या खाटा आणि धुवायला मी एकटी. तुमच्या लेकाला ओली चादर दाखवू का?"

शनिवार, १ मार्च

मास्तरीणबाई गेल्या. त्यांच्या खाटेवर नवी चादर.

गोळ्या मी गालात धरते. ताई वळल्या की काढते. उशीच्या अभ्र्याची शिवण उसवून आत कोंबते, पुन्हा टाचते. टाके वाकडे येतात. हात मधेच झटका खातो. दिवसभरात लघवी चमचाभर, काळपट. अन्नाला लोखंडाची चव. उशीर झाला का?

फोन ताईंच्या खोलीत. उद्या रविवार. मुलगा येईल.

रविवार, २ मार्च

आला. मी दार लावायला सांगितलं. उशी फाडून गोळ्या त्याच्या हातात ओतल्या. म्हटलं, बघ, हे विष. जीभ अडखळत होती, उचकी थांबेना. मास्तरीणबाईंचं सांगितलं, कसंबसं.

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, कळलं. "आई, तू औषधं घेतच नाहीयेस?" म्हणाला. रडला. मग सगळ्या गोळ्या ओंजळीत घेऊन — ताईंकडे गेला. मी हाका मारल्या. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. आई भ्रमिष्ट झाली आहे म्हणाला. हात जोडतो, तुम्हीच लक्ष ठेवा म्हणाला.

माझ्या काळजीपोटी. माझ्याच —

मंगळवार

तारीख आठवत नाही. श्वास कोंडतो. पाय पुन्हा सुजले, चेहरासुद्धा. अंगाला खाज, जशी मास्तरीणबाईंना. लघवी नाहीच. ताई म्हणतात, शहाण्यासारखं झोपा.

आता त्याच भरवतात. भात कडू. थुंकला. त्यांनी नाक दाबलं — तोंड उघडेपर्यंत —

बुधवार?

आज दूध. गोड. किती साखर! ताई मानेखाली हात घालून बसल्या, पदराने ओठ पुसले. पेला रिकामा होईपर्यंत उठल्या नाहीत. वाटलं, चुकलं माझं, बाई तशी मायाळू —

पेल्याच्या तळाशी पांढरं काही. साखर नव्हे. साखर विरघळते. हे