कामेउरा हिरवं होतंय

१२ जानेवारी
आजपासून नियम: रोज सकाळी नकाशा. बोटींची इंजिनं खोलण्या-जोडण्यात जन्म गेला, त्यापुढे हा कॉम्प्युटर काय! भूकंपाच्या धोक्याचा नकाशा नगरपालिकेचाही आहे, पण त्यात आमचं कामेउरा म्हणजे किनाऱ्यावरचा माशीएवढा ठिपका. मी घर न् घर दाखवणार. लोक घरं पक्की करतील, गाव वाचेल. बायको, किनुयो, म्हणाली, आधी आपलं कपाट भिंतीला आवळा, हादऱ्यात अंगावर पडेल. आवळीन. रविवारी.

३ फेब्रुवारी
जमलं! जमीन किती हलेल, मागचा डोंगर किती खचेल, घर किती जुनं, आत माणसं किती. थरावर थर ठेवले, गुणाकार, क्लिक. गाव लालभडक. आमचं घर जरा जास्तच. किनुयो बघतच राहिली. तोयामाला लेकीकडे जाऊ या का, म्हणाली. म्हटलं, वेडी की काय! वर्षात हिरवं करून दाखवतो, मग राहशील ना? बघू म्हणाली. म्हणजे हो.

२२ फेब्रुवारी
गावच्या सभेत नकाशा लावला. वाटलेली संत्री संपली, प्रश्न एकही नाही. म्हणजे पटलं. फक्त शेजारचा तोगाशी म्हणाला, काय रे मासाकात्सु, माझ्याच घरावर रंग सांडला की काय तुझा? सगळे हसले. त्याची बायको सोडून.

९ एप्रिल
आकडे ताजे केले. चार घरं हिरवी! 'पी हळद नि हो गोरी' म्हणून हसणाऱ्यांनी बघावं. (तोगाशी नवराबायको थंडीपुरती म्हणून मुलाकडे गेली, ती अजून तिथेच. बाकी तीन घरांचंही तेच. घरात माणसं शून्य, तर गुणाकार शून्य. तांत्रिक बाब.)

३० जून
टोफूवाली साकाशिता आजीही हिरवी. निघताना म्हणाली, तुझा नकाशा बघितल्यापासून डोळ्याला डोळा नाही रे बाबा. उरलेला टोफू फुकट दिला. लोक किती जागरूक झाले! टोफू तसाच राहून नासला. उन्हाळा वाईट.

१४ सप्टेंबर
जवळजवळ सगळं गाव हिरवंगार. ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून धक्क्यापर्यंत जाऊन आलो. कुणी भेटलं नाही. किनुयोला सांगितलं. ती हं म्हणाली. कपाटाचं हल्ली ती काढतच नाही. पटलंय तिला.

८ ऑक्टोबर
किनुयो तोयामाला. गुडघ्यासाठी, तिथले डॉक्टर चांगले. बॅगेत हिवाळ्याचे कपडे, उन्हाळ्याचेही. म्हटलं, एवढे कशाला? म्हणाली, हवेचा काय भरवसा. खरंय.

२ नोव्हेंबर
माहिती खरी भरायची, हा माझाच नियम. आमच्या घराच्या रकान्यात माणसं दोन होती, एक केलं. क्लिक. लाल गेलं, पिवळं आलं! लगेच फोन लावला. म्हटलं, अगं, आपला धोका निम्म्यावर आला, ये आता.

ती म्हणाली, अहो, मी आले की परत लाल नाही का होणार?

करून पाहिलं. होतं.