राहिलेली दुसरी फेरी

४ जून
बाबांचं पोट पाच दिवस दुखतंय. दाबलं तर मऊ, तरी कळवळतात. शेवटी रुग्णालयात माझ्याच सीटी स्कॅन विभागात आणलं. स्कॅन मीच काढला. दुसऱ्या कुणाचा हात मला चालला नसता.

शिरेत रंगाचं औषध टोचलं की अंगभर आग होते. त्यानंतर स्कॅनची पहिली फेरी धमन्यांची. सत्तराव्या सेकंदाला दुसरी, शिरांची. पहिली झाली आणि बाबा ओरडले (नोकरी लागल्यापासून मी त्यांची 'साहेब'), "पुरे, साहेब! बापाला भट्टीत घातलंस की काय!" डोळ्यांत पाणी. मी टेबल बाहेर घेतलं. दुसऱ्या कुणाला सोडलं नसतं!

रेडिओलॉजिस्टनी विचारलं, "शिरांचे फोटो?"
"पेशंटला झोपवेना, सर."
"धमन्या तर साफ आहेत. तू काढलेत म्हणजे ठीकच."

पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी.

५ जून
बरं वाटतंय म्हणतात. आईसमोर म्हणतात.

७ जून
शौचातून रक्त. पुन्हा सीटी. या वेळी सहकारी होता. दोन्ही फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला टेबल पुन्हा आत सरकलं, तेव्हा बाबांनी मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं.

आतड्याच्या मोठ्या शिरेत गुठळी. आतडं मरत चाललंय. सर्जन म्हणाले, "तीन दिवस आधी दिसती, तर रक्त पातळ करायच्या औषधावर भागलं असतं. आता कापायला हवं."
त्यांना ठाऊक नाही.

८ जून
साडेचार फूट आतडं काढलं. रक्त पातळ करायचं औषध सलाईनमधून चालू — जास्त झालं तर टाक्यांतून रक्त, कमी पडलं तर पुन्हा गुठळी. दर सहा तासांनी रक्ततपासणी. आकडे मी उतरवून घेते.
"घाबरू नका, साहेब," बाबा मला म्हणाले. मला!

११ जून
पुन्हा गुठळी. पोट उघडलं आणि लगेच शिवलं. सर्जन बराच वेळ हातमोजे काढत राहिले.

१२ जून
सकाळी दहा वीस. बाबा गेले.

२० जून
घरात माणसं. आई प्रत्येकाला सांगते, "घरचीच पोरगी होती म्हणून आजार कळला तरी!" मी कप उचलते.

२७ जून
आईला सांगितलं. फेरी, खोटं, तीन दिवस — सगळं. ती अभ्र्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.
"ऑपरेशनला नेताना तुझे बाबा म्हणाले होते मला. ती आपणहून सांगेल. तोवर विचारू नकोस. आणि तिनं सांगितलं, की आधी तिला जेवायला वाढ."